कठडा बसवा, मग बघू

नको नको ताई, तो नका काढू. राहू द्या तो खुंटीला — जड आहे, पायावर पडेल. इतका वेळ तुमचं त्या दोघांतच चाललं होतं की, हा मोठा गार्ड घेऊ का तो बारका, मग मध्येच या तिसऱ्यावर कुठून नजर गेली? असंच असतं म्हणा. चपलांच्या दुकानात बघा, पुढ्यात जोडांचा ढीग पडलेला असतो आणि गिऱ्हाइकाचं बोट नेमकं दुकानदाराच्या पायातल्या चपलेकडे. त्या तिसऱ्यात काही नाही. साधा काळा पाइप, रंगसुद्धा ब्रशने दिलेला. धूळ? हो, आहे धूळ. वर्कशॉप म्हटल्यावर धूळ असायचीच. — बाकीच्यांवर नाही? बाकीचे पुसतो मी. हाही पुसतो. म्हणजे पुसायचा असतो, राहून जातो.

बसा, या डब्यावर बसा, वर गोणपाट टाकलंय, तेल लागायचं नाही. मी जरा सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. आमची ही म्हणते, तुम्ही बोलायला लागलात की मी कपडे वाळत घालून येते, तोवर तुम्ही निम्म्यावर आलेले असता. आई तुमच्या बाहेर बाकावर बसल्यात ना? बसू द्या. ही आहे त्यांच्याजवळ. जमलेलं दिसतंय दोघींचं, मघापासून हसण्याचा आवाज येतोय. तुम्ही आलात तेव्हा बघितलं मी आईंना. गाडी थांबली तरी तुमच्या जाकिटावरच्या त्यांच्या मुठी काही सुटेनात. आणि उतरल्यावर पहिलं काय केलं त्यांनी? खाली वाकून दोन्ही पाय जागेवर आहेत का ते बघितलं. हसू नका, खरंच बघितलं. आणि त्यांना तुम्ही समुद्र दाखवायला नेणार, तोही मोटारसायकलवरून. चांगलं आहे. इतक्या वयापर्यंत बघितला नाही म्हणजे मनातला समुद्र खऱ्यापेक्षा मोठा झाला असणार, लवकर न्यायला हवं. त्या काय म्हणाल्या? — "नेशील तिथं येईन, पण माझे पाय सांभाळ." वा! सरळ बाई आहेत हो. यायचं तर यायचं. असं कुणी तोंडावर सांगितलं ना, की पुढचं काम निम्मं होतं. सगळ्यांच्या नशिबात असं सरळ उत्तर नसतं, सोडा.

तर हा मोठा बघा. याला आम्ही पिंजरा म्हणतो. क्रॅश गार्ड कशाला असतो, तर गाडी आडवी झाली की आधी तो जमिनीला टेकावा, इंजिन टेकू नये आणि पाय खाली चेंगरू नये. हा ते काम करतो, नाही असं नाही. पण वजन बघा याचं. सामानाच्या पेट्या, आई, तुम्ही आणि वर हा — गाभण म्हशीसारखी चालेल गाडी. तेल बदलायचं म्हटलं की अख्खा सोडवायचा. आणि रुंद तरी किती! एकाने असाच हट्टाने बसवून घेतला, आणि घरी गेला तर स्वतःच्याच दारात अडकला. पुढं जाईना, मागं येईना. शेजारीपाजारी बाहेर येऊन सल्ले देतायत, हा गाडीवरच बसलेला. शेवटी घराचं दार काढलं त्याने, गार्ड नाही काढला! आणि हा बारका, चकचकीत, हा फोटो काढायला बरा. नखाने वाजवून बघा — ऐकलंत? ताटलीसारखा वाजतो. गाडी पडली की आधी हा वाकणार, आणि वाकून जाऊन इंजिनालाच टोचणार. राखणदारानेच चोराला शिडी धरावी, तसं.

मग तिसराच उरला? तसं कुठं म्हटलं मी? पिंजरा काही वाईट नाही हो. दार काय, मोठं करून घेता येतं.

नाही, तिसरा नाही. तो तुमच्या गाडीला बसायचाही नाही. प्रत्येक गाडीचं इंजिन वेगळं, भोकं वेगळी, एकीचा गार्ड दुसरीला चालत नाही. तो कुठल्यातरी वेगळ्याच गाडीचा — कुठली? बाहेर ताडपत्रीखाली आहे ती? चाक दिसतंय होय तिचं. डोळे तुमचे म्हणजे अगदी. हो, तीच गाडी. तुमची नवी, माझी जुनी, घराणं एकच. भोकंही तीच. बसतो तो. पण विकायचा नाही. माझा आहे तो, माझ्या गाडीसाठी करून घेतलेला. झालं, सांगितलं. खोटं मला फार वेळ जमत नाही, मध्येच काय बोललो होतो ते विसरतो मी.

बरं, हातात घेतलाच आहे तर बघा आता. हा वरचा वळसा इंजिनासाठी, तो सगळ्यांनाच असतो. पण खाली हा दुसरा वळसा मागे गेलाय, दिसला? तो मागच्या माणसाच्या पायासाठी. बाजारात मिळत नाही असा. बाजारातल्या गार्डला चालवणाराच तेवढा माणूस वाटतो, मागे बसलेल्याने आपलं आपण बघावं. पाइप वाकवणारा एक मित्र होता माझा, आता लेकीकडे राहायला गेला, त्याच्याकडून करून घेतला. त्याने चारदा मोडून केला. दर वेळी मी म्हणायचो, अजून जरा मागे घे. तो वैतागून म्हणाला, अरे, घराला गच्ची करतोयस का गाडीला गार्ड? म्हटलं, कठडा करतोय. आमची ही याला कठडाच म्हणते. गार्ड हा शब्द तिला पटत नाही. म्हणते, गार्ड म्हणजे शिट्टी मारून गाडी सोडणारा. पडू नये म्हणून कडेला असतो, त्याला आपल्यात कठडा म्हणतात.

तर ही मागे बसायची पूर्वी. चांगली बसायची. वळणावर माझ्याआधी झुकायची, मला वाटायचं गाडी मनातलं ओळखते. आणि मग एक दिवस आम्ही पडलो. तुम्हाला वाटेल घाटात पडलो असू, जोरात जाताना — छे हो! उभ्या गाडीवरून पडलो. पेट्रोल पंपावर, रांगेत, सगळ्यांच्या देखत. गाड्या चालताना कमी पडतात ताई, उभ्या असतानाच जास्त पडतात. चालती गाडी स्वतःला सावरते, उभीला आपण सावरायचं असतं आणि नेमकं तेव्हाच आपलं लक्ष दुसरीकडे असतं. पलीकडे एक घर होतं, त्याला निळ्या रंगाच्या खिडक्या. ही म्हणाली, अहो, बघा किती छान — आणि बघायला त्या बाजूला वळली. मीही वळलो. दोघं एकदमच वळलो, त्याच बाजूला. मग गाडीने तरी काय करावं, तीही वळली. हिचा पाय खाली. घोट्याजवळ मोडला, प्लास्टर, काठी, सगळं झालं. आजपर्यंत भांडण आहे आमचं. मी म्हणतो, गाडी पडली. ही म्हणते, गाडी कशाला पडेल, तुम्ही पडलात, गाडी तुमच्यामागून आली. आणि घराला निळा रंग मारायचा विषय मात्र त्या दिवसापासून घरात कुणी काढत नाही.

पाय बरा झाला, पण मागे काही बसली नाही. रागाने नाही हो. जवळ यायची, सीटवर हात ठेवायची आणि म्हणायची, आज नको. मग आम्ही आमची एक पद्धत काढली. कुठं जायचं झालं की ती बसने आणि मी गाडीवर, बसच्या मागे. खरंच सांगतो. ती शेवटच्या बाकावर बसते, मागच्या काचेजवळ, आणि मी तिला दिसेन एवढ्या अंतरावरून चालवतो. धूर खातो, बस थांबली की थांबतो. ती काचेतून खुणा करते, पाणी प्या, सावकाश या, नाक पुसा. एका कंडक्टरने तिला हळूच विचारलं होतं, मावशी, तो मोटारसायकलवाला मघापासून आपल्या मागे लागलाय, पोलिसांना सांगू का? ही म्हणाली, सांगा हो, लग्न झाल्यापासून लागलाय.

मजेत चाललं होतं. पण हिची थोरली बहीण वर डोंगरात राहते, आणि तिकडची बस बंद झाली. बहिणीचे गुडघे गेलेत, ती खाली उतरत नाही. दोघी फोनवर बोलतात. बोलतात म्हणजे, एक बोलते, दुसरी हं म्हणते, मग दुसरी बोलते, पहिली हं म्हणते, आणि फोन ठेवला की ही बराच वेळ त्या फोनकडे बघत बसते. मोटारीने जाता येतं म्हणा, पण वरचा रस्ता खचलाय, मोटार अर्ध्यापर्यंतच जाते. मोटारसायकल जाते पार दारापर्यंत. मी एकदा नुसतं म्हटलं, जायचं का आपल्या गाडीवर? ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली — कठडा बसवा, मग बघू.

आता तुम्ही सांगा मला, 'मग बघू' म्हणजे काय? हो का नाही? तुमच्या आई म्हणाल्या येईन, विषय संपला. पण 'बघू'! अहो, दुकानदाराला 'बघू' म्हटलं की नाही असतं. लहान मुलाला 'बघू' म्हटलं की नाहीच असतं. सोयरिकीत 'बघू' म्हणाले की दुसरं स्थळ शोधायला लागायचं. पण नवऱ्याला म्हटलेला 'बघू' — त्याचं काही ठरलेलं नाही. मी हो धरलं. पळत गेलो मित्राकडे, चारदा मोडून हा करून घेतला, आणला, खुंटीला टांगला.

कधी? झाले बरेच दिवस. — दिवस नाही, बरं. धुळीवरून ओळखायला लागलात तुम्ही. उन्हाळा होता तेव्हा, आणि त्यानंतर अजून एक उन्हाळा येऊन गेला. वेळ मिळाला नाही म्हणायला लाज वाटते, रोज दुसऱ्यांच्या गाड्यांना बसवतो मी, निम्म्या दिवसाचं काम. काय होतं ना ताई — हा खुंटीला आहे तोवर तिचं 'बघू' आहे. मी सकाळी आलो की याच्याकडे बघतो, आणि 'बघू' तिथंच असतं, जिथल्या तिथं. गाडीला बसवला की मग तिला काहीतरी म्हणावं लागणार. आणि ती आज नको म्हणाली तर? मग ते नुसतं आजचं नसणार, कायमचं असणार. मग पुढं काढायला माझ्याकडे काही उरत नाही. कठड्यावर अजून काय बसवणार मी? छप्पर? ... हे काय बोलत बसलो मी तुमच्याशी. तुम्ही गार्ड घ्यायला आलात. चहा थंड झाला तुमचा.

काय गं? — थांबा हं, बाहेरून हाक आली. काय म्हणतेस? — कुठला? — हो, भिंतीवरचा, तोच यांच्या हातात आहे — अगं, पण तो...

ऐकलंत ना तुम्ही? मला वाटलं माझ्या कानांचा दोष. "तो भिंतीवरचा देऊन टाका हो त्यांना, नुसता लटकलाय." अशी म्हणाली. तुमच्या आईंच्या पायांचं काहीतरी बोलणं चाललं असेल दोघींचं, त्यातून निघालं असेल. नुसता लटकलाय.

नाही नाही, उठू नका. खाली ठेवू नका आता. तिने दिला म्हणजे दिला. एका परीने बरंच झालं की, उत्तर मिळालं. इतके दिवस आपण उगाच परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, निकालाच्या कागदाकडे बघायलाच तयार नाही. निकाल लागला, आता जेवायला मोकळे. तुम्ही कशाला तोंड पाडताय, तुमचा काय दोष? आणि खरं सांगू, पाइपाला काय, तो पायासाठी केलाय, कुणाचा पाय का असेना. तुमच्या आईंचा पाय काय रस्त्यावर पडलाय? घ्या, तो पलीकडचा फडका घ्या, पुसून काढा स्वच्छ. मी जॅक आणतो.

हं. आता बघ पोरी, तूच म्हणतो तुला, चालेल ना? वाकून काम करताना 'तुम्ही' म्हणायला दम लागतो. इंजिन ज्या बोल्टांवर धरलेलं असतं, त्यातलेच काढून त्यांच्या जागी हे लांब बोल्ट घालायचे, म्हणजे गार्ड थेट सांगाड्याला धरतो. पण दोन्ही एकदम काढायचे नाहीत, इंजिन खाली बसतं. म्हणून खालून जॅक, जॅकवर लाकडाची फळी, आणि एक काढला की एक घालायचा. असा. धर तिकडून. उचलू नकोस, नुसता टेकव. आता सगळे बोल्ट हाताने लावायचे, बोटांनी, पाना लांबच राहू दे. लोक काय करतात, पहिलाच बोल्ट करकचून आवळतात. मग समोरचं भोक जुळत नाही. मग हातोडी मागतात. कुणी हातोडी मागितली की मी समजतो, याने मघाशी कुठंतरी घाई केली. सैल ठेवलं की हलवता येतं, थोडं इकडं, थोडं तिकडं, आणि आपोआप एक क्षण येतो — हं, हा बघ. गेला आत. कळलं बोटांना? हिच्या बाबतीतही मी तेच केलं, सैल ठेवलं. कधी आग्रह केला नाही. पण सैल ठेवून विसरून चालत नाही म्हणा. वाटेत कुठंतरी गळून पडतो बोल्ट, आणि आवाजसुद्धा येत नाही. शेवटी एकदा आवळावाच लागतो. ते राहिलं माझं.

आता हँडल पुरं वळवून बघ. डावीकडे. उजवीकडे. टेकतं कुठं? नाही ना? छान. गिअरच्या जागी पाय ठेव, बूट अडकतो का? बरं. आता मागचा वळसा — आई बसल्या की त्यांचा घोटा बरोबर याच्या आत येईल. गाडी पंपावर उभी असताना कुठं निळ्या खिडक्या दिसल्या तर एकीनेच बघायचं, दुसरीने समोर बघायचं. हे लक्षात ठेव, बाकी गार्ड बघून घेईल. आणि पहिला मुक्काम झाला की बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे, नवीन लोखंड आधी जरा बसतं मग — तो पाना दे. मोठा नाही, त्याच्या खालचा. हां, आता आवळू या, आधी हा पुढचा —

थांब.

हळू. वळू नकोस. तुझ्या गाडीच्या आरशात दिसतंय मला अंगण. माझ्या गाडीवरची ताडपत्री कुणी काढली? मी नाही काढली. तुझ्या आई उभ्या आहेत शेजारी, हाताची घडी घालून, आणि ही त्यांना काहीतरी दाखवतेय. कसं चढायचं ते दाखवत असेल. डावा पाय पायरीवर, हात खांद्यावर, मग उजवा पाय पलीकडे — खांदाच नाहीये तिच्यापुढे, सीटला धरलंय तिने. आईंचं हेल्मेट डोक्यात घातलंय हिने. उलटं नाही ना घातलं? नाही, बरोबर आहे. मघाशी मला म्हणाली होती, असली घागर मी डोक्यात घालायची नाही.

बसली.

बसली गं. मागच्या सीटवर. पुढची रिकामी ठेवून, पाठ ताठ, बसच्या शेवटच्या बाकावर बसते तशी. आणि गाडीला कठडा नाही! सांगू का तिला? अगं, तिला ठाऊक असणारच की, तिनेच तर आत्ता देऊन टाकला, तुझ्या देखत. मग ही काय — नको. काही सांगायचं नाही. मी उठलो तर उतरेल. बसून राहिलो तर... गुडघे धरलेत माझे. हसू नकोस, हसलीस तर ऐकू जाईल.

काय? — काय म्हणाली ती? नीट ऐकलंस तू?

"किती वेळ नुसतं बसवून ठेवणार आहात? चावी आणा."

चावी. चावी कुठंय माझी? खिळ्याला असते — नाहीये — अरे, या शर्टाच्या खिशात. हात दे पोरी, उठव मला. बोल्टांना हात लावू नकोस, सगळे सैल आहेत, मी आल्यावर आवळतो. आलो की आवळतो. नाही आलो लवकर, तर दोघी चहा करून घ्या, आत सगळं वरच्याच फळीवर आहे. आणि आता एक अक्षर बोलू नकोस.